अंबरनाथचें शिवालय आणि आपले डोळे

आमच्या शाळेंतील कोणत्याही विद्यार्थ्यास लंडनमधील वेस्टमिन्स्टरच्या मठमंदिराविषयीं विचारलें, तर तो कांहीं ना कांहीं सांगूं शकतो. तेथें इंग्लंडच्या राजांना राज्याभिषेक होतो, तेथें थोर कवींचीं व शास्त्रज्ञांचीं थडगीं आहेत, हें त्यानें पुस्तकांत वाचलेलें किंवा पडद्यावर पाहिलेलें असतें. हें ज्ञान उत्तमच आहे. परंतु ठाण्यास गाडी बदलून जेथें एका सकाळींत जाऊन येतां येतें, त्या अंबरनाथच्या शिवालयाविषयीं त्याच विद्यार्थ्यास विचारावें, तर "महाशिवरात्रीला तेथें मोठी जत्रा भरते" यापलीकडे बहुधा उत्तर मिळत नाहीं. वस्तुतः हीं दोन्ही देवालयें एकाच पिढीचीं भावंडें होत. एडवर्ड राजानें बांधविलेलें वेस्टमिन्स्टरचें मंदिर इ. स. १०६५ च्या डिसेंबर महिन्यांत देवास अर्पण झालें. अंबरनाथच्या मंदिरांतील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. आणि ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, एडवर्डचें तें मंदिर आज उभें नाहीं. तिसऱ्या हेन्रीनें इ. स. १२४५ पासून त्याच्या जागीं नवें मंदिर उभारण्यास आरंभ केला, आणि आपण चित्रांत पाहतों तें हेंच. अंबरनाथचें शिखर भंगलेलें असलें, तरी त्याच्या भिंती त्या जुन्या शतकांतल्याच आहेत.

दोहोंची तुलना करून एकास थोर व दुसऱ्यास लहान ठरविण्याचा आमचा हेतु नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, पुरातन शिल्पाचें खरें रक्षण तें पाहूं जाणणाऱ्या डोळ्यांनीं होतें. कुंपण, पाटी आणि पहारेकरी हीं साधनें आवश्यक आहेत, पण तीं पुरेशीं नाहींत. आणि असे डोळे घडविण्याचें काम सरकारचें नसून शाळेचें व घराचें आहे.

आमच्या ह्या नगराच्या नांवांतच 'नवी' हा शब्द आहे. इ. स. १९७० मध्यें सिडको स्थापन झाली, ठाणें व तेव्हांचा कुलाबा अशा दोन जिल्ह्यांतील ९५ गांवांची जमीन ह्या नगरासाठीं नेमली गेली, आणि भातखाचरांच्या व मिठागरांच्या जागीं पाहतां पाहतां उंच इमारती उभ्या राहिल्या. त्यामुळें आमच्या मुलांची अशी समजूत होऊन बसते कीं, आपल्या भूमीस इतिहास नाहीं. इतिहास म्हणजे पुण्याचा, रायगडाचा, दिल्लीचा. ही समजूत समूळ चुकीची आहे. ज्या खाडीवरून आपण दररोज पूल ओलांडतों, त्या खाडीच्या दोन्ही तीरांवर एके काळीं शिलाहार राजांचें राज्य होतें. उत्तर कोंकणांत ह्या घराण्यानें सुमारें साडेचारशें वर्षें सत्ता चालविली. ठाणें, म्हणजे तेव्हांचें स्थानक, हें त्यांचें मोठें नगर होतें. ह्याच घराण्यांतील छित्तराजाचा शके ९४८ चा, म्हणजे इ. स. १०२६ चा ताम्रपट भांडुप येथें सांपडला. अंबरनाथचें मंदिर छित्तराजाच्या काळीं आरंभिलें जाऊन त्याचा भाऊ माम्वाणी, अर्थात् मुम्मुणी, ह्याच्या कारकीर्दींत पूर्ण झालें, असें अभ्यासक मानतात. म्हणजे बेलापूर, पनवेल वा ऐरोली येथें राहणाऱ्या मुलास हें मंदिर परक्या प्रांतांतलें नाहीं; तें त्याच्या स्वतःच्या अंगणांतलें आहे.

ह्या मंदिराचा काळ निश्चित कसा झाला, ती कथा प्रत्येक विद्यार्थ्यानें मनांत ठेवावी अशी आहे. मंदिराच्या उत्तरेकडील दाराच्या तुळईवर आंतल्या अंगास तो शिलालेख कोरलेला आहे. मुंबईचे प्रसिद्ध धन्वंतरि व प्राच्यविद्यापंडित डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं तो प्रथम वाचला, तेव्हां त्यांस शकाचा आंकडा ७८२ असा दिसला. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं अक्षरें पुन्हां तपासलीं आणि तो आंकडा ९८२ असल्याचें दाखविलें. एका अंकाचा फरक, परंतु त्यानें मंदिराचें वय दोनशें वर्षांनीं कमी झालें! हे भगवानलाल म्हणजे भाऊ दाजींच्याच हाताखालीं तयार झालेले पंडित. गुरूंविषयीं त्यांचा आदर कधींच उणावला नाहीं. पण दगडावर जें कोरलें आहे तें गुरूंच्या शब्दाहूनही मोठें, हें त्यांनीं ओळखलें. नीट पाहणें हीच विद्येची पहिली पायरी आहे, आणि ती चढण्यासाठीं धन लागत नाहीं. धीर मात्र लागतो.

आतां मंदिराकडे वळूं. तें काळ्या पाषाणाचें असून पश्चिमाभिमुख आहे. हा पाषाण परप्रांतांतून आणलेला नव्हे. सह्याद्रि ज्या ज्वालामुखीच्या रसाचा बनला, तोच हा आपल्या पायांखालचा कातळ. तो कठीण असल्यामुळें त्यावर टांकी चालविणें कष्टाचें, परंतु एकदां उमटलेली रेषा दीर्घकाळ टिकते. मंडपास पश्चिम, उत्तर व दक्षिण अशा तीन बाजूंनीं दारें आहेत. आंत गेल्यावर मधल्या चार नक्षीदार खांबांवर तोललेलें छत दिसतें. त्यांत एकांत एक अशीं वर्तुळें कोरीत कारागिरानें दृष्टि थेट मध्यबिंदूपर्यंत नेऊन सोडली आहे. गर्भगृह मात्र मंडपाच्या पातळीवर नाहीं. तेथें जाण्यास पायऱ्या उतरून खालीं जावें लागतें, आणि शिखराचा माथा नाहींसा झाल्यामुळें त्या खोल जागेंत वरून आकाशाचा प्रकाश उतरतो. भक्तास हा प्रकाश प्रसादासारखा वाटेल. अभ्यासकास तो एका हानीची खूण वाटेल. दोघांचेंही खरें आहे.

शिखराची रचना 'भूमिज' नांवाच्या पद्धतीची आहे. ह्या पद्धतींत शिखराच्या चारही अंगांवर तळापासून माथ्याकडे एकेक उभा पट्टा जातो, आणि त्या पट्ट्यांच्या मधल्या जागेंत लहान लहान शिखरांच्या प्रतिकृति ओळीनें एकावर एक बसवितात. वर जावें तशा त्या लहान होत जातात. त्यामुळें मूळ उंचीपेक्षां शिखर अधिक उंच भासतें. सिन्नरचें गोंदेश्वर आणि माळव्यांतील उदयपूरचें उदयेश्वर हीं ह्याच पद्धतीचीं सुप्रसिद्ध मंदिरें. त्यांपैकीं उदयेश्वर तर अंबरनाथच्याच अर्धशतकांतलें आहे. यावरून त्या काळचे शिल्पशास्त्री एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत किती मोकळेपणानें विद्या नेत असत, ह्याची कल्पना येते.

परंतु अंबरनाथचें खरें वैभव बाहेरच्या भिंतींवर आहे. ह्या भिंती सरळ नाहींत. सूत्रधारानें त्यांना क्रमाक्रमानें इतके कोन दिले आहेत कीं, सूर्य जसजसा सरकतो तसतशी एक मूर्ति उजेडांत येते आणि दुसरी सावलींत जाते. सकाळीं पाहिलेलें मंदिर सायंकाळीं निराळें दिसतें. पायाशीं कीर्तिमुखांचे व हत्तींचे थर आहेत. जणूं सर्व भार त्यांनींच पाठीवर घेतला आहे. त्यावर देवदेवतांच्या मूर्ति: गजासुराचा वध करणारा शिव, नृत्य करणारा शिव, पार्वतीचें पाणिग्रहण करणारा शिव, महिषासुरमर्दिनी, ब्रह्मदेव, आणि त्यांच्या मधून मधून डौलानें उभ्या असलेल्या सुरसुंदरी. एकच शिव कोठें उग्र, कोठें आनंदी, कोठें नवरदेवाच्या संकोचानें उभा! ज्यांस अक्षरें वाचतां येत नव्हतीं, त्या शेतकऱ्यास व कोळ्यास हीं पुराणें भिंतीवरून वाचतां येत असत. प्रदक्षिणा घालणें म्हणजे त्या काळीं एक ग्रंथ पुरा करणें होय.

त्याच सुमारास युरोपांतील मठांच्या मंदिरांतही खांबांच्या माथ्यांवर व दारांच्या कमानींवर अशाच कथा कोरल्या जात होत्या. त्यावर तेथें मोठा वादही झाला. संत बर्नार्ड यांनीं इ. स. ११२५ च्या सुमारास तक्रार केली कीं, मठांतील भिंतींवरचीं वानरें, सिंह आणि अर्धे मनुष्य अर्धे पशु असे विचित्र प्राणी पाहण्यांतच साधूंचें चित्त गुंतून राहतें, आणि ग्रंथ वाचावयाचे सोडून ते पाषाणच वाचीत बसतात. ही तक्रार एका विरक्त पुरुषाची आहे, आणि तिच्यामागील तळमळ आदरणीय आहे. परंतु तिच्यांत कोरीव कामाची केवढी स्तुति नकळत होऊन गेली आहे! दगडानें मनुष्याचें मन पुस्तकापासून ओढून घ्यावें, एवढें सामर्थ्य त्या कारागिरांच्या हातांत होतें. आज बर्नार्ड आमच्या मुलांमध्यें आले, तर त्यांना उलट काळजी वाटेल. हातांतील दूरध्वनीच्या कांचेवरून डोळे काढून मुलें ग्रंथही वाचीत नाहींत आणि पाषाणही वाचीत नाहींत.

न वाचलेल्या पाषाणाची गति काय होते, हें पाहावयाचें असेल तर ज्या मठांच्या वैभवावर बर्नार्ड यांचा मुख्य कटाक्ष होता, त्यांतील अग्रगण्य अशा फ्रान्समधील क्लूनीच्या मठाची कथा पाहावी. तेथील थोरल्या मंदिराचा आरंभ इ. स. १०८८ मध्यें झाला. रोमचें संत पीटरचें नवें मंदिर उभें राहीपर्यंत ख्रिस्ती जगांत त्याहून मोठें मंदिर नव्हतें. पुढें फ्रान्सांत राज्यक्रांति झाली, साधु पांगले, आणि इ. स. १७९८ मध्यें ती इमारत विकली गेली. घेणाऱ्यांनीं तिचा उपयोग खाणीसारखा केला. इ. स. १८२३ पर्यंत पाडापाड चालली, आणि सुमारें एक दशांश भाग तेवढा उरला. कोणी परकीय शत्रु तेथें आला नव्हता, भूकंपही झाला नव्हता. भोवतालच्या लोकांस त्या मंदिरांत दगडाखेरीज दुसरें कांहीं दिसेनासें झालें होतें, एवढेंच. पुढें इ. स. १९२८ पासून केनेथ कॉनंट ह्या अमेरिकन पंडितानें तेथें खोदकाम करून, जुन्या चित्रांच्या व वर्णनांच्या आधारें, तें मंदिर कसें होतें हें कागदावर पुन्हां उभें केलें. जें दगडांत राखतां आलें नाहीं, तें रेखाटनांनीं थोडेंफार वांचविलें.

आमच्या अंबरनाथाच्या बाबतींतही अशा रेखाटनांचा पाया फार पूर्वींच घातला गेला आहे, आणि तो विद्यार्थ्यांनीं घातला आहे. इ. स. १८६८ मध्यें मुंबई सरकारनें ह्या मंदिराचीं मापें, रेखाचित्रें आणि मूर्तींचे ठसे घेण्याचें ठरविलें, आणि तें काम सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेकडे सोपविलें. ती शाळा स्थापन होऊन तेव्हां उणींपुरीं अकरा वर्षें झालीं होतीं. तेथील विद्यार्थी अंबरनाथास आले, त्यांनीं कोनाकोनाचें माप घेतलें, मूर्तिमूर्तीचें चित्र काढलें. त्यांचें काम पुढें इ. स. १८७४ मध्यें 'इंडियन अँटिक्वेरी' ह्या विद्वन्मान्य मासिकांतून जगापुढें आलें. पाषाण दर पावसाळ्यांत थोडा थोडा झिजतो. शेवाळें चढतें, सांध्यांत रोपटें मूळ धरतें, हवेंतील धूर व आम्ल त्वचेसारखा वरचा थर खातात. शेजारून वाहणाऱ्या वालधुनी नदीची कारखान्यांच्या व गटारांच्या पाण्यानें जी दशा झाली आहे, ती तर डोळे मिटूनही कळते. ह्या सर्वांत त्या मुलांनीं काढलेलें चित्र मात्र १८६८ सालींच थांबलेलें आहे. मूर्तीचें बोट आज कोठें झिजलें, हें कोणास तपासावयाचें झाल्यास त्यास त्या मुलांच्या कागदाकडेच जावें लागेल.

म्हणून आमची सूचना अशी आहे. आमच्या नगरांतील प्रत्येक शाळेनें आपल्या नवव्या इयत्तेस वर्षांतून एकदां अंबरनाथास न्यावें. हल्लीं सहल म्हणजे पाण्याच्या घसरगुंड्या आणि पाळणे, असें समीकरण झालें आहे. त्या मौजेस आमचा विरोध नाहीं. वर्षाला अनेक दिवस असतात. परंतु एक दिवस वही, पेन्सिल आणि मोजण्याची फीत घेऊन जाण्यास काय हरकत आहे? प्रत्येक विद्यार्थ्यास एकच मूर्ति किंवा एकच हत्ती नेमून द्यावा. त्यानें तेथें तासभर बसून तेवढ्याचेंच चित्र काढावें, आणि तीं सर्व चित्रें तारीख घालून शाळेच्या ग्रंथालयांत ठेवावींत. पुढच्या वर्षीं दुसऱ्या मुलांनीं त्याच मूर्ति पुन्हां काढाव्यात. दहा वर्षांनीं शाळेजवळ असा एक संग्रह होईल कीं, कोणत्या भागाची झीज किती झाली हें सांगण्यास पंडितांनाही त्याचा उपयोग व्हावा.

यावर तीन आक्षेप येतील, ते आम्ही जाणून आहों. पहिला असा कीं, छायाचित्र क्षणांत निघतें, मग चित्र कशास काढावें? उत्तर सोपें आहे. छायाचित्र यंत्र काढतें, चित्र मनुष्य काढतो. मूर्तीस हात किती, कोणत्या हातांत कोणतें आयुध, पायाखालीं कोण, हें पाहिल्यावांचून रेषा पुढें सरकतच नाहीं. ज्यानें हत्तीची सोंड एकदां मन लावून काढली, तो पुन्हां कधींही दगडावर खिळ्यानें आपलें नांव कोरणार नाहीं. कायद्याचा धाक आहेच. हें मंदिर केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखालीं आहे, आणि संरक्षित वास्तूस इजा करणाऱ्यास दोन वर्षेंपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. पण धाकानें हात थांबतो; प्रेमानें मन थांबतें.

दुसरा आक्षेप परीक्षेचा. पालकांस वाटतें कीं, गुणांशीं ज्याचा संबंध नाहीं त्यांत वेळ कां घालवावा? त्यांस आम्ही नम्रपणें विचारतों कीं, भूमितींतील कोन, भूगोलांतील कातळ, इतिहासांतील शिलालेख आणि चित्रकलेंतील छायाप्रकाश हे चारही विषय एका भिंतीवर एकत्र शिकवील असें पुस्तक कोणत्या दुकानांत मिळतें?

तिसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. आमच्या शाळेंत सर्व धर्मांचीं मुलें शिकतात. कोणी म्हणेल, ख्रिस्ती वा मुसलमान मुलानें देवळांत कशास जावें? कोणी असेंही म्हणेल कीं, जेथें नित्य पूजा चालते तेथें विद्यार्थ्यांनीं फीत घेऊन फिरणें हा देवाचा उपमर्द आहे. आमच्या मतें आदर असला म्हणजे दोन्ही अडचणी सुटतात. पादत्राणें बाहेर ठेवावींत, पूजेच्या वेळीं आवाज करूं नये, मूर्तीस हात लावूं नये, जत्रेचे दिवस टाळावेत, खात्याची व पुजाऱ्यांची अनुमति अगोदर घ्यावी. मग ज्याची श्रद्धा असेल तो हात जोडील. ज्याची नसेल तो कारागिरापुढें मान लववील. आणि हीच रीत उलट दिशेनेंही पाळली जावी. वसईच्या किल्ल्यांत पोर्तुगीजांनीं बांधलेलीं मठमंदिरें आज छपरावांचून उभीं आहेत. तो प्रदेश इ. स. १५३४ मध्यें त्यांच्या हातीं गेला, आणि इ. स. १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं तो किल्ला जिंकला. तेथील फ्रान्सिस्कन साधूंच्या मंदिरांत थडग्यांवरचे कोरीव दगड अद्याप जमिनींत आहेत. हिंदु मुलानें तीं अक्षरें पुसट होण्यापूर्वीं वहींत उतरवून घ्यावींत. एकमेकांचे दगड जपणारीं मुलें पुढें एकमेकांचीं मनेंही जपतील, अशी आमची खात्री आहे.

एक इशारा मात्र देणें प्राप्त आहे. जपणूक म्हणजे नवेपणा नव्हे. जुन्या देवळांस रंग फांसणें, घांसून चकचकीत करणें, भेगांत सिमेंट भरणें, अंगणांत गुळगुळीत फरशी घालणें, ह्यास पुष्कळ ठिकाणीं जीर्णोद्धार म्हणतात. हेतु भक्तीचा असतो, परंतु टांकीची रेषा त्या रंगाखालीं कायमची बुजते. म्हाताऱ्या आजीच्या चेहऱ्यावरील सुरकुत्या पुसून तिला तरुण करूं पाहणाऱ्यास आपण शहाणा म्हणणार नाहीं. तिच्याजवळ बसून तिची गोष्ट ऐकावी, हाच तिचा मान.

पालकहो, आपल्या मुलांना एका रविवारीं अंबरनाथास न्या. घाई करूं नका, एका भिंतीपुढें अर्धा तास उभे राहा, आणि "तुला काय दिसतें?" एवढेंच विचारा. विद्यार्थिमित्रहो, तुमच्याच वयाच्या आसपासच्या मुलांनीं दीडशें वर्षांपूर्वीं तेथें बसून जें काम आरंभिलें, तें अपुरें आहे. सूत्रधारानें आपला वांटा इ. स. १०६० मध्यें पुरा केला. भगवानलालांनीं एक अंक नीट वाचून आपला वांटा पुरा केला. ह्या वर्षाच्या पावसानें कोणती रेषा पुसली, हें लिहून ठेवण्याचा वांटा तुमचा आहे.